शूटिंगातला धनी

उसाच्या मळीचा वास आला की मला कारखान्याचं हापीस आठवतं. धनी ऊस तोडताना फडातच वारले, अन् घरात त्यांचा येकबी फोटू न्हवता. हंगामाच्या आधी कारखाना आगाऊ पैशाचा पुरावा म्हनून येकेका तोडकऱ्याला मुकादमासंगं उभं करून शूटिंग घ्यायचा, म्हनून मी तिथं गेल्ते. कंप्युटरवाला म्हनला, "मावशी, जुना कंप्युटर बंद पडला. पर त्या अख्ख्याची नक्कल दुसऱ्या मशीनीत हाय. समदी न उघडता तुमची येकच फाईल काढतो." म्या म्हनलं, "काढ बाबा, कनगी न फोडता मूठभर दानं काढत्यात तसं." तो हसला. मला वाटलं फोटू निघंल, तर धनी हालले. बोलायलाबी लागले. मुकादमाला सांगत हुते, "औंदा माझ्या बायकूच्या डोक्यावर मोळी देऊ नका. पोटातलं प्वार पडलंय तिचं. मला ठावं हाय हे तिला कळू देऊ नका." म्या ते कुनालाच सांगितलं न्हवतं. त्या शूटिंगातलाच फोटू आता घरात भिंतीला हाय. बोलताना तोंड उघडं राहिलंय. "दुसरा चांगला काढू का?" कंप्युटरवाल्यानं इचारलं हुतं. म्या म्हनलं, "ऱ्हाऊ दे, ह्योच दे."