सुंठ घातलेला चिनी चहा

माझ्या थोरल्या भावाचा खोकला काही केल्या हटेना, तेव्हा तो बहारीनमधल्या हिद्दच्या ज्या गोदीत कामाला होता, तिथल्या मेसचा चिनी आचारी कागदी पुड्या घेऊन आला. आत काड्या, सुकी फुलं, कसल्या कसल्या साली. त्याचं इंग्रजी आणि आमचं, दोन्ही यथातथाच. त्याने घशाला हात लावला, मग वारा घातल्यासारखा हात हलवला. अंगातली उष्णता काढणारा चहा, एवढं आम्हाला कळलं.

डॉक्टरकडे चल, असं मी रोज सांगत होतो आणि दादा रोज उडवून लावत होता. "छातीचं कागदावर आलं की खलास. व्हिसाचं मेडिकल तोंडावर आलंय. तवर हा चहा बघू." मला बहारीनला आणलं होतं त्यानेच. त्याच्यापुढे माझं काय चालणार?

गुदैबियातल्या आमच्या खोलीत तो चहा स्टोव्हवर उकळायचा. पण खोकल्याला थंड औषध द्यायचं, हे काही कोकणी डोक्यांना पटेना. आईचा काढा आठवून आम्ही त्यात सुंठ घातली, मिरी घातली, वर गुळाचा खडा. एकदा आचारी खोलीवर आला, पातेल्याचा वास घेतला आणि त्याने कपाळाला हात लावला. थंडाव्याच्या औषधात आम्ही उष्ण तेवढं सगळं ओतलं होतं. त्याने गुळाचा डबा उचलून लांब ठेवला. मग दादा ते कडूजहर पाणी नुसतंच पिऊ लागला, डोळे मिटून, तीर्थ घ्यावं तसं. खोकला होता तिथेच राहिला. रोज पातेलं उकळण्याखेरीज माझ्या हातात काही नव्हतं, आणि त्याचा मला संताप यायचा.

मेडिकलला एक्स-रे काढला. क्षय निघाला. कंपनीने परतीचं तिकीट हातात ठेवलं.

बॅग भरताना दादाने उरलेल्या पुड्या कपड्यांत नीट ठेवल्या.

"गावाला गेल्यावर आधी इस्पितळात जा," मी म्हटलं. "गोळ्यांनी बरा होशील. हा चहा कशाला नेतोस आता?"

"गोळ्या घेईन रे. त्या लपवून घेता येतात." तो बॅगेचा पट्टा आवळत होता. "का आलास म्हणून लोकं विचारतीलच. उष्णता बाधली म्हणून सांगेन, आणि हा चहा अंगणात बसून पिईन, सगळ्यांदेखत. नायतर घरात पेला वेगळा काढतील माझा."

कोपऱ्यात एक पुडी राहिली होती, तीही मी त्याच्या बॅगेत घातली.