कायम सरांची सही

प्राचार्यांच्या पुतण्याचे मार्क वाढवायला नकार दिला म्हणून कंत्राटी मॅडमना काढायचं ठरलं. तेव्हा निषेधाचं पत्र घेऊन लॅबवाल्या बाई आधी विभागप्रमुख सरांकडे गेल्या. सर बावीस वर्षं कायम. एवढ्या कायमपणाचं त्यांनी केलं काय, तर खुर्चीला उशी आणली.

"सही करा, सर. तुमचं कोण काय वाकडं करणार?"

"नोकरीला हात नाही लावणार हो. पण विभागप्रमुखपद काढतील. ही मोठी खोली जाईल. जिन्याखाली बसवतील मला!"

"आणि मॅडम घरी बसतील, त्याचं काय?"

सरांनी घाम पुसला, दार लावून घेतलं आणि कोपऱ्यात बारीकशी सही केली. पेन्सिलीनं.

बाई बघतच राहिल्या. त्या स्वतः कंत्राटावर, तरी त्यांची सही सगळ्यात वर होती, ठसठशीत शाईत.

"आधी बाकीचे कोण कोण करतात ते बघू," सर कुजबुजले. "मग गिरवतो."

बाईंनी त्यांच्याच टेबलावरचं खोडरबर उचललं, सही खोडली आणि चुरा त्यांच्या पुढ्यात फुंकला.

"राहू द्या, सर. उगाच जिवाला घोर नको," असं म्हणून त्या शिपायांच्या खोलीकडे निघाल्या.