गाडीतली मोहरी

तुमच्या आजोबांना गाड्या उघडायचा नाद होता, हे तुम्हाला फोटोंवरून माहीत आहे. त्या फोटोंत ते बनियनवर असतात आणि बॉनेट वर केलेलं असतं. पण त्या बॉनेटशेजारी मी का उभी असते, आणि तीही मान तिरकी करून, हे इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मागच्या आठवड्यात फोनवर तुमच्यातल्या धाकटीने विचारलं. फोनवर सांगण्यासारखं ते नाही, म्हणून नीट लिहून ठेवते.

आम्ही तेव्हा जबलपूरला, अधारतालमध्ये राहत होतो; आजोबा तिथल्या फॅक्टरीत कामाला होते. माझं माहेर नागपूरचं. राज्यं वेगळी झाली, नागपूर तिकडे महाराष्ट्रात गेलं, आम्ही इकडे मध्य प्रदेशात राहिलो, पण लग्नं, बारशी आणि आजारपणं काही वाटून घेता आली नाहीत. त्यामुळे वर्षातून तीन-चार खेपा ठरलेल्या. जपानी बनावटीची ती आठशे सीसीची छोटी गाडी आमच्याकडे आली ती दोन मालकांच्या हाताखालून. सपाट रस्त्यावर गुणी होती. सिवनीच्या पुढचा घाट लागला, की मागे बसलेली तीन माणसं आणि पापडांचे डबे तिला जड व्हायचे. दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढायची आणि मागून ट्रकवाले हॉर्न द्यायचे. आजोबांना तो हॉर्न स्वतःला दिल्यासारखा लागायचा.

"इंजिन चांगलं आहे," ते म्हणायचे. "कंपनीनं सगळ्यांच्या मापाचा सदरा शिवला. आपण आपल्या मापाचा करू."

मग दर रविवारी ते माप घेणं सुरू झालं. इंजिनाचं वरचं डोकं काढून आमच्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवलं गेलं. हवा आत जाण्याच्या वाटा त्यांनी पॉलिश पेपरने इतक्या घासल्या, की तिथे बोट फिरवलं तर काचेवरून फिरवल्यासारखं वाटे. कार्बोरेटरचं जेट बदललं. कांचघरच्या एका वेल्डिंगवाल्याकडून जरा रुंद पाइप वाकवून आणून सायलेन्सरला जोडला. माझं काम डब्यांचं होतं. कुठला नट कुठून निघाला याच्या चिठ्ठ्या मी बिस्किटांच्या डब्यांवर इंग्रजीत लिहून चिकटवायची. शाळेत इंग्रजी शिकवत होते, त्यामुळे अक्षर वळणदार. आजोबा म्हणायचे, जबलपुरात एवढं सुवाच्य इंजिन दुसरं नसेल.

जोडाजोडी झाली, की खरं काम उरायचं. मिश्रण किती पातळ, ठिणगी किती आधी, हे सगळं स्क्रू पाव फेरा इकडे, अर्धा फेरा तिकडे करून कानाने ठरवायचं. त्यासाठी यंत्रं मिळतात म्हणे, आमच्याकडे नव्हती. आजोबा डोळे मिटून उभे राहत आणि स्क्रू फिरवत. त्या वेळी त्यांच्याशी बोलायचं नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

एका रविवारी ते तेलाचा डबा उघडत होते, पाठ माझ्याकडे. मी इंजिनातली तेल मोजायची पट्टी ओढून पाहिली आणि सांगितलं, "खालच्या खुणेच्या जरासं वर आहे. अर्धा लिटर पुरे."

ते आले आणि त्यांनी अख्खा डबा ओतला. मी पदराला हात पुसत होते, पाहिलं नाही. गाडी चालू केली आणि मागून निळा धूर निघाला तो थांबेचना. अंगण भरलं, गल्ली भरली. शेजारच्या बाईंनी गच्चीवर वड्या वाळत घातल्या होत्या. त्या वरून म्हणाल्या, "दीदी, भैया मच्छर भगा रहे हैं क्या?"

गाडी बंद केली. मी विचारलं, "अहो, सगळं काहून ओतलं?"

"तूच तं म्हणाली खाली आहे."

"खालच्या खुणेच्या वर आहे म्हटलं मी."

"खाली म्हणजे खाली. रिकामं. फॅक्टरीत दिवसभर तेच ऐकून राहिलो ना मी. ड्रम खाली, ट्रॉली खाली."

"मराठीत खाली म्हणजे जे वर नाही ते."

"मंग घरात शिरताना डोक्यातली पाटी बदलत जाईन," ते म्हणाले आणि हसले. मीही हसले. अंगणात खाली हा शब्द वापरायचा नाही, असा नियम आम्ही त्याच दिवशी केला. जास्तीचं तेल काढलं, आतवर गेलेलं पुसलं, संध्याकाळपर्यंत गाडी ठीक झाली.

रात्री भांडी लावताना माझ्या मनात आलं, खाली या शब्दाचे दोन अर्थ आहेत, पण 'अर्धा लिटर पुरे' याचा एकच आहे. ते कुठे गेलं? मग एकेक आठवायला लागलं. कुकरची शिट्टी झाली तरी ते उठत नसत. पाठमोरे असले, की माझ्या प्रत्येक वाक्याला 'अच्छा' म्हणत. फॅक्टरीत त्यांचा विभाग मोठ्या हातोड्यांचा, जिथे लोखंड ठोकून आकाराला आणतात तो. वीस वर्षं त्या आवाजात.

डॉक्टरांकडे गेलो ते मी हट्ट केला म्हणून. त्यांनी तपासून सांगितलं, जाडे आवाज शाबूत आहेत, बारीक गेले आहेत आणि ते परत येणार नाहीत. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं. फॅक्टरीचं त्यांना काही वाटलं नाही, तिथे सगळेच ओरडून बोलत. रविवारी मात्र ते पाना हातात घेऊन नुसते उभे राहिले.

"दोन महिने झाले, स्क्रू कसाही फिरवला तरी मला एकच ऐकू येऊन राहिलं," ते म्हणाले. "अंदाजानं करून राहिलो. अशानं एखाद दिवशी इंजिन जाळीन. सोडून द्यावं म्हणतो. डबे बांधून ठेव."

मी डबे बांधले नाहीत. हे सुटलं, तर रविवारी हा माणूस काय करेल, ते मला डोळ्यांसमोर आणता येईना. मी म्हटलं, "ऐकायचं काम मी करते."

"तुला काय कळते त्यातलं?"

"काहीच नाही. ऐकू मात्र येतं."

आधी फार वाईट गेलं. ते विचारायचे, आवाज कसा आहे, आणि मी म्हणायची, गाडीसारखा आहे. ते वैतागायचे. शेवटी म्हणाले, "तुले जसा वाटते तसा सांग. माझे शब्द नको वापरू."

तेव्हा मी म्हटलं, "वरण रटरटतंय तसं वाटतं. दाट वरण, मंद आचेवर."

त्यांनी स्क्रू पाव फेरा आत घेतला. "आता?"

"आता पातळ झालं. एकसारखं."

पेट्रोल जास्त पडत होतं आणि इंजिन त्याने अडखळत होतं, ते मी न शिकता सांगितलं होतं. त्यानंतर आमची भाषाच तयार झाली. दाट वरण म्हणजे पेट्रोल जास्त. फुलका फुगून वाफ सुटते तसं फुस्स झालं, तर कुठूनतरी हवा गळते. आणि सगळ्यांत वाईट ती मोहरी. चढावर गाडीला जोर पडला, की आत बारीक तडतड होते, गरम तेलात मोहरी पडल्यासारखी. म्हणजे ठिणगी फार लवकर पडते आहे. ती तडतड तशीच राहिली, तर पिस्टन खराब होतो. आणि नेमका तोच आवाज आजोबांच्या कानांतून पुरता गेला होता.

मोहरी अंगणात उभ्या गाडीत वाजत नाही. त्यासाठी चढ लागतो. म्हणून एका सकाळी आम्ही दोघं मदन महालाच्या टेकडीच्या बाजूच्या चढावर गेलो. तिसरा गिअर, पाय पूर्ण दाबलेला. मी खिडकीची काच उतरवून कान बाहेर दिला.

"मोहरी," मी म्हटलं.

ते उतरले, बॉनेट उघडलं, ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा नट सैल करून तो केसभर फिरवला. पुन्हा चढ उतरून आलो, पुन्हा चढलो.

"आहे. पण कमी. अर्धा चमचा."

तिसऱ्या वेळी ते बॉनेटखाली जास्त वेळ वाकून होते. गाडीत बसताना चेहरा एकदम खुललेला. म्हणाले, "आता बघ. आता बसलं बरोबर." इतक्या आशेने म्हणाले, की मी देवाचं नाव घेतलं.

चढ निम्मा झाला आणि आत मोहरी अशी तडतडली, की पहिल्यापेक्षा दुप्पट. ते समोर बघत होते. मला वाटलं, मोहरी 'नाही' म्हणून सांगावं. निदान आज घरी आनंदाने जातील. चढ संपेपर्यंत मी तो शब्द तोंडात धरून ठेवला.

"काय?" त्यांनी विचारलं.

"आहे," मी म्हटलं. "फार आहे. आधीपेक्षा जास्त."

त्यांनी गाडी कडेला घेतली आणि हसायला लागले. मला काही कळेना.

"या वेळी मी मुद्दाम उलटा फिरवला होता," ते म्हणाले. "पाहून राहिलो होतो, तू खरं सांगते का माझं मन राखते."

मला राग आला. घरी जाईपर्यंत बोलायचं नाही असं मी ठरवलं, आणि ते पाच मिनिटं टिकलं. कारण ते खाली उतरून काम करता करता बडबडत होते, सूर पुष्कळ दिवसांपूर्वीचा होता. "मन राखणारा कान माझ्या काय कामाचा? खोटं बोलली असती, तर आजच पाने पुसून ठेवले असते." चौथ्या खेपेला चढावर मोहरीचा एक दाणाही वाजला नाही. गाडी तिसऱ्यातच वर गेली. त्यांनी पुन्हा विचारलंही नाही, नक्की का म्हणून.

स्क्रूच्या फेऱ्यांची एक वही मी ठेवली होती, ती तुमच्या मामाकडे आहे. तिच्यात 'वरण, पाव फेरा आत' असं लिहिलेलं सापडलं, तर स्वयंपाकाची वही समजू नका.

त्या दिवसानंतर आजोबांनी आणखी तीन छोट्या गाड्या उघडल्या. तिन्ही फॅक्टरीतल्या मित्रांच्या. मित्र अंगणात गाडी लावून आधी त्यांना नमस्कार करायचे आणि मग विचारायचे, "वहिनी आहेत ना घरी?"

"आहे," आजोबा सांगायचे. "पण पोळ्या झाल्यावर येईन म्हणते. बसा."

मी हात धुऊन बाहेर यायची. ते कार्बोरेटरच्या स्क्रूला स्क्रूड्रायव्हर लावायचे, तो तसाच धरून माझ्याकडे बघायचे, आणि मी मित्राला सांगायची, भाऊजी, रेस द्या.