एका ताऱ्याचा शंकरपट

शनिवारी संध्याकाळी सहाला गेम कायमचा बंद होणार होता, अन् वच्छलाचा पाचवा पट अजून बाकी होता.

गेमचं नाव 'पटाचा राजा'. मोबाइलवर बैलजोडी हाकायची, छकडा पळवायचा, दुसऱ्या जोडीच्या आधी झेंडी गाठायची. असे पाच शंकरपट. कोण्या कंपनीनं काढला ते वच्छलाले माहीत नव्हतं, पण ज्यानं काढला त्यानं जिता बैल फक्त कॅलेंडरवर पाहिला असावा, एवढं नक्की. जू बैलांच्या मानेवर नाही, मानेच्या वर हातभर हवेत. आंब्याचं झाड उलटं, मुळं आभाळात. एक कावळा पंख पसरून ढगाखाली अडकलेला, तो चार महिन्यांत हलला नव्हता. अन् वाटेच्या डाव्या अंगाले एक पागोटेवाला बुवा कमरेपर्यंत जमिनीत गडलेला. जोडी आली का तो हात वर करून म्हणे, "जोडी भारी आहे!" जोडी उलटून चारी पाय वर झाले तरी तेच म्हणे.

लोकांनी गेमले पाचापैकी एक तारा दिला होता, तोही त्याच्याहून कमी देता येत नव्हता म्हणून. खाली लिहिलं होतं, "बैल होय का भोवरा?" दुसऱ्यानं लिहिलं, "फुकट हाये तरी महाग हाये."

बोंब खरी होती. उजवा पांढरा बैल सुसाट, डावा कबरा ढिम्म. चाबकाचं बटन दाबलं का पांढरा आणखी उडे, कबरा आणखी अडे, अन् जोडी जागच्या जागी गरगर फिरे. पाचवा पट तर आजवर कोणीच मारला नव्हता. जिंकणाऱ्यांच्या यादीत पाचव्या पटासमोरची जागा कोरीच होती. शेवटी कंपनीनंही हात टेकले अन् पडद्यावर पाटी लावली: शनिवारी सहानंतर हा खेळ बंद.

वच्छला मूळची कुहीकडची, धानाच्या गावातली. लग्न होऊन हिंगण्याच्या कामगार वसाहतीत आली त्याले चाळीस वर्षं झाली. नवरा कारखान्यातून रिटायर होऊन वारला, आता पोरगा जितेंद्र कंपनीच्या बसनं पाळीवर जाते. त्यानं नवा फोन घेतला तेव्हा जुना आईले दिला, भजनं ऐकायले. भजनाच्या आधी जाहिरात आली, जाहिरातीत बैल दिसला, अन् वच्छलानं बैलाच्या कपाळावर बोट ठेवलं. गेम फोनमध्ये उतरला तो असा.

पहिल्याच दिवशी जोडी सात वेळा गरगर फिरली. वच्छला पोट धरून हासली. तिची सून सोनिका शिलाई मशीनवर ब्लाउज शिवत होती, तिनं डोकावून पाहिलं.

"आई, एकदम बेकार गेम आहे हा. काढून टाका. मी दुसरा चांगला टाकून देतो तुमाले."

"राहू दे वं. हा कबऱ्या मले अस्सल वाटून राहिला."

"अस्सल? त्याले एकच कान आहे!"

"कान एक असो का दोन. खोड अस्सल हाये. आमचा पाखऱ्या असाच होता."

पाखऱ्या म्हणजे तिच्या बापाच्या पटाच्या जोडीतला डावा बैल. त्याले पेंड चारायची वच्छलानं, तळ्याच्या पाळीवर पहाटे पळवायचा वच्छलानं, अन् पटाच्या दिवशी छकड्यावर बसायचं थोरल्या भावानं, रामाजीनं. त्या दिवशी बाईनं जुवाले हात लावायचा नाही, अशी रीतच होती. वच्छला शेवटच्या झेंडीपाशी बायांच्या घोळक्यात उभी राहायची. रामाजीनं तीन पट जिंकले. तीन पितळी ढाली अजून त्याच्या घरात टांगल्या आहेत, तिन्हीवर त्याचंच नाव.

गेममध्ये खालच्या कोपऱ्यात हाकाऱ्याचं एक बटन होतं, उघड्या तोंडाचं चित्र असलेलं. सगळ्यांनी लिहून ठेवलं होतं का हे बटन बिनकामाचं आहे. वच्छलानं ते दाबलं. फोनमधून कोणी तरी "हुर्र" म्हणालं, अन् कबऱ्यानं एकुलता एक कान टवकारून पाऊल पुढं टाकलं.

"पाह्य," वच्छला म्हणाली, "याले मार नाई पाहिजे, आवाज पाहिजे."

मग तिनं चाबकाले हात लावणंच सोडलं. पांढऱ्याचा कासरा ओढून धरायचा, कबऱ्याले हाकारे देत जायचं. दोन्ही बैल बरोबरीले आले का कासरा ढिला. दीड महिन्यात चार पट मारले. दुपारचं जेवण झालं का ती पाटावर बसे, चष्मा पुसे अन् जोडी जुंपे. जिंकण्यापेक्षा तिले त्या येड्या गावात हिंडायलेच मजा येई. कावळ्याचं नाव तिनं 'सरपंच' ठेवलं, वर राहते अन् करत काही नाही म्हणून. गडलेल्या बुवाचं नाव अर्धेबुवा. रोज त्याच्या जवळून छकडा न्यायची अन् म्हणायची, "राम राम, अर्धेबुवा!"

"जोडी भारी आहे!" बुवा म्हणे.

एक दिवस ती जरा जास्तच जवळून गेली. डावं चाक बुवाच्या खांद्याले लागलं. धाडकन् छकडा उडाला, बैलांचे आठही पाय हवेत, अन् वीसएक हात पुढं जाऊन जोडी सरळ उतरली, जसं काही झालंच नाही. वच्छलाले हासता हासता ठसका लागला. सोनिका पाणी घेऊन धावली.

"आई, ही गेममधली चुकी आहे. असं होत नसते."

"माह्यापुढं झालं नं? मंग होत असते."

पण पाचवा पट काही सुटेना. समोरची काळी जोडी वाऱ्यासारखी सुटे, अन् दरवेळी वच्छला अर्ध्या छकड्यानं मागं राही. तशात शनिवार उजाडला, अन् पाचच्या सुमाराले कुहीहून एसटीनं रामाजी आला. सत्तरीचा माणूस. पिशवीत घरचे तांदूळ, खांद्यावर दुपट्टा. पाणी पिऊन होत नाही तं त्यानं बहिणीच्या हातातला फोन पाहिला.

"हे काय वं वच्छला? या वयात पोट्ट्यावानी खेळून राहिली?"

"सहा वाजेलोग खेळून राहिली. मंग बंद होते."

सोनिकानं मामेसासऱ्याले सगळं सांगितलं. पट म्हटल्यावर रामाजीचे डोळे चमकले. तरी अर्धा घंटा तो नुसता पाहत बसला, अन् मग त्याले राहवलं नाही.

"चाबूक मार नं! चाबूक काहून नाई मारत?"

"मारला का फिरते, दादा."

"तुह्या हातानं फिरत असन. आन इकडे."

पाच वाजून चाळीस मिनिटं झाली होती. थोरला भाऊ, पाहुणा म्हणून आलेला. वच्छलानं फोन दिला. रामाजीनं बाह्या सारल्या अन् चाबकाच्या बटनावर अंगठा असा दाबला का काच फुटते का काय. जोडी गरगर फिरली. दुसऱ्यांदा फिरली. तिसऱ्यांदा छकडा उलटा होऊन आंब्याच्या मुळांत जाऊन अडकला.

"जोडी भारी आहे!" अर्धेबुवा म्हणाला.

सोनिकानं तोंडाले पदर लावला. रामाजी तापला. "हा बुवा काय मजाक करून राहिला का माही? बैलच खोटे हायेत गा हे! खऱ्या जोडीवर तीन ढाली जितलो मी, या चाबकानं!"

घड्याळात पाच बावन्न झाले होते. वच्छलानं त्याच्या हातातून फोन काढून घेतला अन् वर न पाहता बोलली.

"चाबकानं नाई जितला, दादा. पाखऱ्या चाबकाले अडतच होता. मी झेंडीपाशी बायाईत उभी राहून त्याले हाकारा देत होती. तो माह्या आवाजाकडे धावे, तू फक्त वर बसून राहे."

"काहीच्या काही बोलू नको."

"मी सासरी गेली, त्याच्या मंग किती पट जितला? सांग."

रामाजीनं दुपट्टा खांद्यावरून काढून मांडीवर घेतला. एकही नव्हता जिंकला. इतकी वर्षं तो सांगत आला होता, का पाखऱ्या म्हातारा झाला. पाखऱ्या तर तेव्हा सहा दाती होता, ऐन उमेदीतला.

वच्छलानं पाचवा पट पुन्हा लावला. सुटायची झेंडी पडली. काळी जोडी सुटली. वच्छलानं पांढऱ्याचा कासरा आवळला अन् हाकाऱ्याच्या बटनावर बोट ठेवलं. फोनमधला "हुर्र" तिले पुरेना, तिनं स्वतःच आवाज काढला, तळ्याच्या पाळीवरचा, "हेऽऽऽ ये रे बावा, ये रे ये!" शेजारच्या अंजनाबाई हातात लाटणं घेऊन दारात आल्या. कबरा बरोबरीले आला. कासरा ढिला. उलटा आंबा मागं गेला, सरपंच मागं गेला, तरी काळी जोडी अर्धा छकडा पुढंच.

"गेलं," सोनिका म्हणाली.

"थांब वं," वच्छला म्हणाली. "अजून अर्धेबुवा हाये."

तिनं जोडी डावीकडं झुकवली. पुरती वाटेच्या काठाले. रामाजी ओरडला, "अवं पडशीन!" डावं चाक बुवाच्या खांद्याले लागलं. छकडा उडाला. आठही पाय हवेत, काळी जोडी खालून मागं सरकली, अन् वच्छलाची जोडी धप्पकन् उतरली ती झेंडीच्या पलीकडं.

"जोडी भारी आहे!" बुवा मागून म्हणाला, अन् चार महिन्यांत पहिल्यांदा ते बरोबर जागी पडलं.

पडद्यावर तुताऱ्या वाजल्या, त्याही बेसूर. खाली चौकट आली: जोडी हाकणाऱ्याचं नाव लिहा. सोनिका पुढं झाली, "थांबा आई, मी टाकून देतो," पण वच्छलानं फोन दिला नाही. एकेक अक्षर शोधून स्वतः लिहिलं. वच्छला, कुही. कोऱ्या यादीत पहिलं नाव, अन् शेवटचंही. सोनिकानं तिच्या फोनवर त्याचा फोटो काढला. मिनिटभरानं सहा वाजले अन् पडदा काळा झाला.

"च्या मांडू का?" सोनिका म्हणाली.

रामाजी दुपट्ट्याचं टोक चोळत बसला होता. चहा अर्धा झाल्यावर बोलला. "इतकी वर्षं काहून नाई सांगितलं मले?"

"तू इचारलं कवा?"

"एका ढालीवर तुह्यं नाव टाकून आनतो मंग."

"पेंटर बिघडवीन," वच्छला म्हणाली. "ढालच आनून दे."

पुढच्या रविवारी रामाजी पुन्हा एसटीतून उतरला, काखेत पोत्यात गुंडाळलेली ढाल. जितेंद्रनं फ्रीजच्या वर खिळा ठोकला. संध्याकाळी अंजनाबाई वाटीभर साखर मागायले आल्या, त्यांनी ते चकचकीत पितळ पाहिलं.

"हे कायची ढाल वं?"

"पटाची."

"कोनं जितला?"

वच्छलानं साखरेची वाटी काठोकाठ भरली.

"मी."