कोऱ्या पानांचं पुस्तक

छापखान्यात त्यांना सगळे मात्रामामा म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर असेल तेवढंच. काम मुद्रितं तपासायचं, म्हणजे पुस्तक छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका हुडकून काढायच्या. कुठे मात्रा राहिली, कुठे वेलांटी उलटी पडली, की मामांच्या लाल पेनाने झडप घातलीच म्हणून समजा. आणि हे छापखान्यापुरतं नव्हतं बरं का! चुका शोधायचं वारं एकदा अंगात शिरलं की ते घरीदारी सुटत नाही. स्वतःच्या लग्नाच्या पत्रिकेत एक चूक राहिली, तर हा नवरदेव लाल पेन खिशाला लावून पाहुण्यांच्या घरोघर हिंडला. होणाऱ्या सासऱ्यांच्या दारात उभं राहून म्हणाला, "जरा पत्रिका आणता का बाहेर?" सासऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांना वाटलं, जावई लग्न मोडायला आला. आतून मात्र नवरी खो खो हसत सुटली. तीच मामी.

मामीचा स्वभाव नेमका उलटा. मामा शिलाईतल्या धाग्यासारखे सरळ, तर ही सुटलेल्या लोकरीच्या गुंड्यासारखी. शिवणकाम करायची, दुपारी जिन्याच्या पायरीवर सदऱ्यांना बटणं लावत बसायची, आणि भोवती गल्लीतली झाडून सगळी पोरं. मामी गोष्ट सांगायची, पण अर्धीच. ऐन रंगात आली की दाताने दोरा तोडायची आणि म्हणायची, "चला, उठा आता. पुढचं तुम्ही आणायचं."

बिनदाराच्या घराची तिची एक गोष्ट होती. एक घर असतं, त्याला दार नाही, खिडकी नाही, आणि आत कुणीतरी खोकतंय. आता तो आत गेला कसा? पोरं दुसऱ्या दिवशी उत्तरं घेऊन हजर. एक म्हणे, घर त्याच्यावर नंतर बांधलं. दुसरी म्हणे, तो खोकत नाही, घरच खोकतंय. आणि एक शेंबडं पोर, नाक पुसत पुसत म्हणालं, "मामी, तो बाहेरच आहे. आत तर आपण आहोत."

मामीने त्याला उचलून मांडीवर घेतलं. मामा वरून ओरडले, "अगं, पोरांना नीट काही तरी शिकव! दाराशिवाय घर कसं असेल?"

"तुम्ही तुमची मुद्रितं तपासा," मामी म्हणाली. "इथे चूक नाही सापडायची तुम्हाला."

तिच्यावर अर्धांगवायूचा घाला पडला तो सकाळी, दोऱ्याला गाठ मारताना. उजवा हात गेला, आणि वाचा गेली. डोळे तेवढे होते तसेच बोलके राहिले. डॉक्टरांनी मामांना खोलीबाहेर नेऊन सांगितलं, "दुसरा झटका कधीही येऊ शकतो. तो आला तर त्या माणसं ओळखतील की नाही, सांगता येणार नाही."

पोरं पायरीवर येऊन बसायची, वाट बघायची आणि उठून जायची. हे मामांना बघवेना. मग त्यांनी ठरवलं, हिची गोष्ट पुस्तकात आणायची. अर्धीच. पुढचं पोरांनी आपल्या डोक्याने लिहायचं, चित्रं काढायची. आणि हिचे डोळे हिचे आहेत तोवर ते पुस्तक हिच्या हातात द्यायचं. बस्स. देवाकडे दुसरं काही मागणं राहिलं नव्हतं त्यांचं.

पण लिहिणार कोण? जन्मभर दुसऱ्याच्या ओळी दुरुस्त केलेल्या माणसाने स्वतःची एक ओळ कधी लिहिली नव्हती. वाक्य लिहायचं, खोडायचं. पुन्हा लिहायचं, पुन्हा खोडायचं. कसाबसा मजकूर झाला, तो मामीला वाचून दाखवला. बिनदाराच्या घराशी येऊन थांबले, आणि राहवेना म्हणून पुढे वाचलं, "मुलांनो, विचार करा. खरं तर त्या घराला भुयार होतं."

मामीने तोंड भिंतीकडे फिरवलं.

मामांनी भुयार काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी वाचलं, "मुलांनो, तुम्हाला भुयार सुचलं का?"

पुन्हा भिंत.

"अगं, पण काही तरी सांगायला नको का त्यांना? चुकतील ना पोरं!" मामा अगदी काकुळतीला आले. तिने अशा नजरेने पाहिलं की मामांनी निमूटपणे पेन उचललं आणि उत्तर, सूचना, इशारा, सगळं खोडून काढलं. शेवटी उरला गोष्टीचा सुरुवातीचा भाग, शेवटाला हसत घरी परतणारे गावकरी, आणि मधे जागोजाग कोरी पानं. ते वाचलं तेव्हा मामीने तोंड फिरवलं नाही.

छापखान्याच्या मालकांनी कपाळाला हात लावला. "मामा, पानं कोरीच ठेवायची तर छापायचं कशाला? कागदाचा गठ्ठाच विकू की!" पण मामांचा चेहरा पाहून पुढची थट्टा त्यांनी गिळली. दोन मोठ्या शालेय कामांच्या मधे यंत्र थोडा वेळ मोकळं होतं, त्यात हे पुस्तक बसवलं. बजावून सांगितलं, की पुढचं काम लागलं की छपाईच्या प्लेटा पुसल्या जाणार, पुन्हा छपाई नाही.

यंत्रावरच्या माणसाने शेवटच्या क्षणी विचारलं, "मामा, कोऱ्या पानावर आपली ती नेहमीची ओळ टाकू ना? 'हे पान मुद्दाम कोरे ठेवले आहे'?"

"अजिबात नाही," मामा म्हणाले. "मुद्दाम कोरं ठेवलंय असं छापलं की पोरगं त्यावर रेघ तरी ओढेल का? जपून ठेवेल. खोड ती ओळ." आणि मग स्वतःच्याच हाताने खोडली. खाली बांधणी विभागात जाऊन बायकांना एवढं सांगायचं होतं, की बायांनो, ही पानं कोरीच आहेत. ते जिन्याकडे वळले, तेवढ्यात शेजारच्या वहिनींचा फोन आला. दुसरा झटका.

मामा तसेच धावले. सांगायचं राहिलं ते राहिलंच.

इस्पितळातून मामीला घरी पाठवलं, तेव्हा डॉक्टरांनी औषधं थोडी दिली, मान जास्त हलवली. "घरी न्या. त्यांना काय आवडतं ते करा." मामी बघायची, पण कुणाकडे बघतेय ते कळायचं नाही. कधी मामांवर नजर टिकायची, कधी त्यांच्यातून आरपार जायची. मामांनी वहिनींना तिच्याजवळ बसवलं आणि छापखाना गाठला. जीव नुसता टांगणीला लागलेला.

बांधणीच्या खोलीत पुस्तकांची चळत तयार होती. मामांनी वरचं पुस्तक उघडलं. गोष्टीतल्या म्हातारीने भिंतीला कान लावला आणि... पान उलटलं, तर गावकरी हसत हसत घरी चाललेले. सोळाव्या पानानंतर थेट एकोणपन्नासावं! दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. सगळी तशीच. मधलं पुस्तकच नाही.

"मधले दोन फर्मे कुठे आहेत?" मामांनी विचारलं. फर्मा म्हणजे मोठ्या कागदावर सोळा पानं छापून त्याच्या घड्या घालतात तो. असे फर्मे एकावर एक ठेवून शिवले की पुस्तक होतं.

बांधणीच्या मुख्य बाई, ज्यांना सगळ्या थोरल्या बाई म्हणत, पदर सावरत पुढे आल्या. चेहऱ्यावर शाबासकीची वाट बघणारं हसू. "मामा, तुमची अब्रू वाचवली बघा आम्ही! यंत्रवाल्याला काय झालं होतं कोण जाणे. दोन्ही फर्म्यांत कोरी पानं! एकूण एक प्रत तशी. तुम्ही नव्हता, म्हणून आम्हीच डोळ्यांत तेल घालून काढून टाकली."

मामा खाली बसले. जमिनीवरच.

"अहो, काय झालं? तुम्हीच तर शिकवलंय ना," थोरल्या बाई गडबडल्या. "कोरं पान दिसलं, की विचार करत बसायचं नाही, फर्मा सरळ बाद. तुमचेच शब्द. नव्या बाईला पहिल्या दिवशी हेच सांगतो आम्ही."

खरंच होतं. मामांनीच कितीदा तरी दरडावून सांगितलं होतं ते. कागदाला कागद चिकटला की पान कोरं जातं, आणि असं पुस्तक बाहेर गेलं की नाचक्की होते. विचार करत बसायचं नाही, हे वर आणि.

कोपऱ्यात डिंकाचा ब्रश धरून एक बाई उभी होती, जाड चष्म्याची. ती हळूच म्हणाली, "मला वाटलं होतं मामा. सगळ्या प्रतींत कोरं पान त्याच जागी. चुकून असं होतं का? मी म्हणणार होते, की एकदा विचारू या."

"मग बोलली का नाहीस गं बाई?" मामा कळवळून म्हणाले.

"म्हटलं, आपण कोण सांगणार! नियम आहे."

मग थोरल्या बाईच म्हणाल्या, आवाज रडवेला, "बादचा माल सकाळीच गेला. रद्दीच्या गोदामात."

मामा उठले. चष्मेवालीने ब्रश टाकला आणि मागोमाग निघाली. "तुम्हाला एकट्याला नाही सापडायचं ते," एवढंच म्हणाली.

गोदामात गठ्ठ्यांचे डोंगर, तारेने आवळलेले, आणि दाराशी मालाची गाडी भरत होती. लगदा करायला जाणारा माल. गोदामवाल्याने आधी ऐकूनच घेतलं नाही. "कोरा कागद शोधताय? इथे? घ्या की दुकानातून!" मामांनी हात जोडले. आयुष्यभर ताठ मानेने चुका दाखवलेला माणूस गोदामवाल्याच्या अक्षरशः पाया पडायला वाकला. "माझी बायको आहे घरी," एवढंच बोलता आलं. गोदामवाल्याने पाय मागे घेतला आणि पक्कड पुढे केली. "कापा तारा. पण गाडी भरेस्तोवरच. आणि आजोबा, इथे वाचत बसू नका."

दोघं गठ्ठे उपसत राहिली. शाळेची गणितं, औषधांची माहितीपत्रकं, कुणाच्या निवडणुकीचे चेहरे. धुळीने चष्मेवालीच्या काचा पांढऱ्या झाल्या, मामांच्या बोटांना तारा लागल्या. एक गठ्ठा गाडीत चढायचा आणि मामांना वाटायचं, त्यातच होतं, गेलं. ते गाडीकडे धावायचे, चष्मेवाली ओढून आणायची. "मामा, तिकडे नका बघू. हातातलं बघा."

पुस्तकाचा तिसरा फर्मा सापडला, चांगला गठ्ठाभर. दुसरा मात्र काही केल्या दिसेना. गाडीवाल्याने फळी वर चढवली, तेव्हा चष्मेवाली एका फुटलेल्या गठ्ठ्यात कोपरापर्यंत हात घालून चाचपत होती. हाताला एक घडी लागली. एकच. एक कोपरा फाटलेला, वर कुणाच्या तरी बुटाचा ठसा.

"एकच आहे," ती म्हणाली.

"एकच पाहिजे," मामा म्हणाले, आणि त्यांना हुंदका फुटला.

बांधणीच्या खोलीत थोरल्या बाईंनी स्वतः एक तयार पुस्तक उसवलं. चष्मेवालीने मधे फर्मे घालून ते हाताने शिवलं. कुणी थट्टा केली नाही, कुणी समजूत घातली नाही. बाकीच्या चळतीचं काय करायचं ते मालक ठरवणार होते. मामांनी तिकडे पाहिलंही नाही. पुस्तक सदऱ्याच्या आत धरून ते घरी निघाले, डिंक ओला होता तरी.

वहिनी दारातच भेटल्या. "दुपारपासून डोळे उघडे आहेत. पण भावजी, हाक मारली तर बघत नाहीत हो."

मामा पलंगाच्या कडेला टेकले. "हे बघ," म्हणाले, "आणलंय." तिच्या पाठीशी उशी लावली, पुस्तक मांडीवर ठेवलं आणि पानं उलटू लागले. घर आलं, खोकला आला, म्हातारीने भिंतीला कान लावला. मामी नुसती समोर बघत होती. मामांनी पुढचं पान उलटलं. कोरं. फाटक्या कोपऱ्याचं, बुटाचा पुसट ठसा असलेलं.

तिचा डावा हात हलला. सरकत सरकत त्या पानावर आला आणि पालथा पडून राहिला.

"तुला आठवतंय का?" मामांनी विचारलं. "हे तुझंच आहे. ओळखलंस?"

डोळे पानावर होते. की हातावर? मामा अगदी चेहऱ्याजवळ चेहरा नेऊन बघू लागले. अक्षरावरचा हरवलेलं टिंब दुरून ओळखणाऱ्या त्या माणसाला हे मात्र ओळखता येईना, की ही विचार करतेय, की हात नुसता पडलाय. पुढचं पान उलटावं म्हणून त्यांनी कडेला बोट घातलं. हाताखालचं पान सुटेना. तिने ते दाबून धरलं होतं, की हात जड होता म्हणून, कुणी सांगावं.

वहिनी मागून कुजबुजल्या, "भावजी, हात बाजूला करू का?"

"नको," मामा म्हणाले. "राहू द्या. तिचं चाललंय."

आणि ते तसेच बसून राहिले, अवघडल्या पायांनी, पान न उलटता.