मी खोडलेले तीन ठिपके
पिंपरीच्या एका औषध कारखान्यात मी बाटल्या तपासायला होतो. रोज किती बाटल्या खराब निघाल्या त्याचा ठिपका कागदावर मांडायचा. मधोमध सरासरीची रेघ, वर मर्यादेची. ठिपका मर्यादेबाहेर गेला, तर कुठेतरी काहीतरी बदललंय असं समजायचं. साहेबांनी हे शिकवलं आणि माझ्या डोक्यात हवा गेली.

त्याच वर्षी चाकणजवळ, आक्काच्या सासरी, जमिनीचे बारीक धक्के बसू लागले. मडक्यांची उतरंड खुळखुळली की आक्का कोळशाने भिंतीवर रेघ ओढायची. पहाटे चूल पेटवतानाच्या रेघा चुलीशेजारी, दिवसाच्या दाराजवळ; आठवडा सरला की खाली नवी ओळ. ती आणि तिची म्हातारी सासू, दोघीच घरात. भीतीने अंगणात निजायच्या.

सुट्टीच्या दिवशी मी गेलो. सगळ्या रेघा आठवड्यागणिक मोजून ठिपके मांडले, तर शेवटचे तीन मर्यादेबाहेर! पण मग ध्यानात आलं, शेजारच्या पिठाच्या गिरणीचं इंजिन तीन आठवडे बंद होतं. त्याची धडधड थांबल्यावर एरवी न जाणवणारे धक्केही जाणवणारच. स्वतःच्या हुशारीवर मी बेहद्द खूश झालो आणि ते तीन ठिपके खोडून टाकले.

"धक्के वाढलेले न्हाईत, आक्का. गिरणी बंद हाय म्हणून तुला जास्त कळत्यात."

"मंग आत निजू?"

"खुशाल."

सासू भिंतीकडे बघत राहिली. "मला काय बरं वाटत न्हाई," म्हणाली. "पण शिकल्याल्या माणसाम्होरं मी काय बोलू?" आणि तिने आपलं अंथरूण उचलून आत नेलं.

पाचव्या दिवशी कारखान्यात निरोप आला. पहाटेच्या धक्क्याने मागची भिंत आत कोसळली होती आणि सासू तिच्याखाली गेली होती. आक्का चूल पेटवायला उठली होती म्हणून वाचली.

मी पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. चुलीकडची भिंत मात्र उभी होती. तिच्यावरच्या रेघा मी आता वेगळ्या मोजल्या. पहाटे गिरणी कधीच चालत नसे, तेव्हाची शांतता आधीही तेवढीच होती. तरी शेवटच्या तीन आठवड्यांत त्या रेघा दुपटीहून जास्त झाल्या होत्या. हे आधीच बघायला मला पाव तास लागला असता. मला स्वतःची किळस आली.

आक्का मागे येऊन उभी राहिली. तिने शिव्या द्याव्यात, थोबाडीत मारावी, असं मला मनापासून वाटत होतं.

"आज कुठं निजू रं?" तिने विचारलं. "तू सांगशील तिथं निजते."