चौथं दुकान

१९९७ साल. मी बासष्ट वर्षांचा. यावलला लेकीच्या क्लासचा कॉम्प्युटर बंद पडला, म्हणून मेमरीची बिघडलेली पट्टी नमुन्याला घेऊन मी जळगावला गेलो. तीन दुकानांत ऐटीत भाव विचारले. पट्टी कशाची, हे मात्र मला ठाऊक नव्हतं.

चौथ्या दुकानदारानं भाव सांगितलाच नाही. खोडरबर घेऊन, लेकराचं तोंड पुसावं तशी त्यानं पट्टीची सोनेरी कड हळूहळू घासली. मग आपल्या मशीनला लावून पाहिली.

"नाना, बिघडेल नही शे, नुसती मळेल शे."

"मळलेली असो की बिघडलेली, मी गिऱ्हाईक आहे," मी चिडलो. "नवी विकायची नाही का?"

"तुमले नको, मंग कशी विकू?" तो हसला.

संध्याकाळी क्लास सुरू झाला. लेकीला सांगितलं, मीच पट्टी नीट केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं जळगाव गाठलं आणि त्याच्याकडून गरज नसलेला एक माऊस घेतला, भाव न विचारता.